भिंतीतली दिंडी

बाबांचं एक पाऊल सत्तर सेंटिमीटरचं आहे. घरातल्या पॅसेजमध्ये टेप टाकून मी ते मोजलं. कारण एका संध्याकाळी बाहेरून येऊन चपला काढता काढता ते म्हणाले, "औषधाचं दुकान एकोणीसशे तीस पावलं. जायचं तेवढंच यायचं."

ते दुकान आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. ओट्याशी उभं राहिलं की कंपाउंडच्या भिंतीवरून त्याची हिरवी पाटी दिसते, शटर वर गेलेलं कळतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात उपग्रहाच्या नकाशावर मी सरळ रेघ ओढून पाहिली. आमच्या जिन्यापासून दुकानाच्या पायरीपर्यंत १४० मीटर. बाबा चालले होते साधारण १३५० मीटर. गेटमधून बाहेर, मोठ्या रस्त्याला लागायचं, शेजारच्या दोन सोसायट्यांच्या भिंतींना वळसा घालायचा, मग मागच्या रस्त्यानं दुकानापर्यंत तितकंच उलट यायचं. मध्ये काय, तर एक भिंत.

बाबा सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. २००८ मध्ये टपाल खात्यातून निवृत्त झाले. १९७४ साली पोस्टमन म्हणून लागले तेव्हा पिन कोड येऊन दोनच वर्षं झाली होती आणि लोक पत्त्यात तो लिहीत नसत. पुण्यातल्या सदाशिव आणि नारायण पेठेचा पिन ४११०३०, त्यातली एक बीट, म्हणजे पत्रं वाटायला ठरवून दिलेला भाग, बाबांची. पत्र्या मारुती, उपाशी विठोबा, चिमण्या गणपती, नागनाथ पार. पत्त्यात घराचा नंबर आणि असा एखादा देव असला की पत्र पोचायचं. खांद्याला पिशवी, हातात क्रमवार लावलेला गठ्ठा. सायकल एखाद्या ओळखीच्या दुकानाशी लावून ते पायीच आत शिरायचे. लहानपणी सुट्टीच्या दिवसांत मी दोन-चारदा त्यांच्याबरोबर गेले आहे. मला सगळ्यात नवल वाटायचं ते याचं, की बाबा ज्या दारानं वाड्यात शिरत त्या दारानं कधीच बाहेर पडत नसत.

वाड्याचं मोठं दार एका गल्लीत, त्यातच कापलेली छोटी दिंडी. ती ओलांडून चौक, चौकातून जिन्याखालून मागचा बोळ, बोळातून दुसऱ्या वाड्याचं परसू, तिथून पलीकडची गल्ली. वाटेत कुणी पाण्याला विचारायचं, कुणी मनीऑर्डरीची चौकशी करायचं. बाबा म्हणतात, रस्त्यानं गेलो असतो तर दुपारची दुसरी फेरी संध्याकाळपर्यंत संपली नसती. नकाशात या वाटा नव्हत्या. बीट दुसऱ्या पोस्टमनकडे जाताना त्या तोंडी सांगितल्या जायच्या: कुठला वाडा आरपार आहे, कुठला नाही, कुठे दुपारी झोपतात म्हणून कडी वाजवायची नाही.

मी इतकी वर्षं ड्रॉइंगचं काम करते, तरी पेठेत पायी का चालवतं याचं सरळ उत्तर मला बाबांच्या बीटमधून मिळालं. रस्ते रुंद नव्हते. फूटपाथ बहुतेक ठिकाणी नव्हतेच. पण चाळीस-पन्नास पावलांवर कुठेतरी वळता येत होतं. एक वाट बंद असली तरी दोन उघड्या असायच्या. जिथे वाटा एकमेकींना मिळतात तिथे आपोआप माणसं थांबतात, म्हणून तिथे पार बांधला गेला, मारुती बसला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून जमिनीखालच्या नळातून पाणी आलं तेव्हा त्याचे हौदही वस्तीत, लोक पायी येतील अशा जागी झाले. पाणी भरायला आलेली बाई चार शब्द बोलून जाणार, हे वेगळं आखावं लागलं नाही.

पेठ सोन्याची होती असं मी म्हणत नाही. १८९७ च्या प्लेगनं दाट वस्तीचं काय होतं ते पुण्याला दाखवलं. आमच्या बोळात अॅम्ब्युलन्स येत नव्हती. आजीला खुर्चीत बसवून चौघांनी कोपऱ्यापर्यंत नेलं, ते मी पाहिलेलं आहे. संडासांच्या रांगा, ओल, उंदीर, भाडेकरू-मालकांचे दावे, सगळं होतं. उजेड आणि हवा हवीच. मला फक्त एवढंच म्हणायचंय, की उजेड आणि हवा आणताना आपण दिंडी बुजवली. ती बुजवायची गरज नव्हती.

बुजवणाऱ्यांत मीही आहे. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी सत्तावीस वर्षं नकाशे काढते. आधी टी-स्क्वेअरची पट्टी आणि रोट्रिंगच्या पेननं, मग कॉम्प्युटरवर. कंपाउंडची भिंत ही नकाशातली सगळ्यात सोपी गोष्ट. प्लॉटच्या हद्दीला धरून दोन समांतर रेघा. समोरच्या रस्त्याच्या मध्याच्या पातळीपासून दीड मीटर उंची; वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा ठेवला तर २.४ मीटरपर्यंत जाता येतं. आम्ही बहुतेक वेळा २.४ च दाखवतो. रेघेच्या अलीकडे प्रत्येक झाड, प्रत्येक चेंबर, पार्किंगची प्रत्येक जागा. रेघेच्या पलीकडे फक्त 'लगतचा सर्व्हे नंबर' एवढे शब्द. त्या शब्दांच्या जागी दुकान आहे, शाळा आहे, बसथांबा आहे, ते नकाशाला माहीत नसतं. आणि गेट एक, कारण दोन गेट म्हणजे सुरक्षारक्षकांचे दोन पगार. ग्राहकानं मागितलं, नियमात बसलं, मी काढलं. या भिंतींची लांबी मी कधी जोडली नाही. पण आमच्या भागात फिरताना निदान दोन भिंती अशा आहेत, ज्या आधी माझ्या हातून कागदावर उतरल्या.

आमचा भाग म्हणजे बाणेर. बालेवाडी आणि आजूबाजूच्या गावांसह १९९७ मध्ये तो महापालिकेत आला. त्याआधी इथे शेतं होती, आणि आजच्या सोसायट्यांचे आकार त्या शेतांचेच आहेत. लांबट पट्ट्या, भावाभावांत हिस्से पडत निमुळत्या झालेल्या, एका टोकाला ओढा. प्रत्येक पट्टी वेगळ्या बिल्डरनं घेतली, वेगळ्या वर्षी बांधली. विकास आराखड्यात मोठे रस्ते दाखवलेले असतात, पण दोन मोठ्या रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यांनी एकमेकींशी बोलावं असं कुणावर बंधन नसतं.

कोपऱ्यावरच्या रसवंतीशी एक आजोबा बसतात, मूळचे इथले. आमच्या सोसायटीची जमीन त्यांच्या चुलत्याची होती. बाबांनी त्यांना सहज विचारलं, पूर्वी पलीकडे कसे जायचात? आजोबा म्हणाले, "बांधावरनं की." कंपाउंडची भिंत बरोबर त्या बांधावर उभी आहे. ते ऐकल्यापासून मला त्या भिंतीकडे पूर्वीसारखं पाहता येत नाही. बांध ही हद्दही होती आणि वाटही. दोन शेतकऱ्यांत वाद असला तरी बांधावरून तिसरा माणूस डोक्यावर भारा घेऊन जायचा. आपण त्यातली हद्द घेतली आणि वाट टाकून दिली.

हद्द आणि वाट एकत्र नांदू शकतात हे शहरातही दिसतं. माझी आत्या दादरला राहायची. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याची आखीव वस्ती ही त्याची देणगी. शिवाजी पार्कचं मैदान १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं त्याला शिवरायांचं नाव मिळालं. या मैदानाची हद्द म्हणजे कट्टा. सव्वा किलोमीटरला थोडा कमी, सगळ्या मैदानाला वेढणारा, बसायच्या उंचीचा. बॉल अडवतो, माणसाला अडवत नाही. उलट त्याला बसवून घेतो. संध्याकाळी आत्या आणि मी त्या कट्ट्यावर बसायचो. तिच्या एका बाजूला कॉलेजची मुलं, दुसऱ्या बाजूला फेरी मारून दमलेले एक गृहस्थ, समोर रस्ता, पाठीमागे क्रिकेट. तीही भिंतच आहे. फक्त काढणाऱ्यानं माणूस मनात ठेवून तिची उंची ठरवली.

आता रस्त्याबद्दल थोडं, कारण बाबा त्या १३५० मीटरवर कशातून जातात ते सांगायला हवं. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शक सूचना आहे, १०३ क्रमांकाची. फूटपाथवर निदान १.८ मीटर मोकळी रुंदी, फूटपाथच्या कडेची रस्त्यापासून उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. आमच्या रस्त्यावर एका ठिकाणी मी ही कड २८० मिलिमीटर मोजली. बाबांना तिथे विजेच्या खांबाला धरून चढावं लागतं. पुढे विजेचा डीपी, मग कुंड्या, मग प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी गाड्यांसाठी कापलेला उतार. फूटपाथ संपतो, सुरू होतो, संपतो. शेवटी बाबा डांबरावरूनच चालतात, मोटारसायकली त्यांच्या कोपराला घासून जातात.

पुण्याला हे माहीत नाही असं नाही. पादचारी धोरण २०१६ सालचं आहे, रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वंही त्याच वर्षीची. जंगली महाराज रस्त्यावरचे रुंद फूटपाथ झाले तेव्हा मी खास बाकावर बसून आले. मुलं तिथल्या खेळण्यांवर चढत होती, रस्त्याच्या कडेला, शहराच्या मध्यात. ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेनं लक्ष्मी रस्ता एक दिवस गाड्यांना बंद केला होता, तेव्हा आम्ही अजून पेठेतच राहत होतो. मी बाबांना घेऊन गेले. ते रस्त्याच्या बरोबर मधोमध उभे राहिले आणि दुकानांच्या वरचे मजले पाहत राहिले. सज्जे, लाकडी कठडे, जुन्या पाट्या. म्हणाले, इतकी वर्षं इथून गेलो, मान वर करायची सवड आज मिळाली.

हे सगळं व्हायलाच हवं, प्रत्येक रस्त्यावर व्हायला हवं. पण आमच्या समोरचा फूटपाथ उद्या जंगली महाराज रस्त्यासारखा झाला तरी बाबांची पावलं एकोणीसशे तीसच राहतील. वळसा फरशीनं कमी होत नाही. माझ्या ओळखीतले लोक पायी चालण्याबद्दल बोलतात तेव्हा फूटपाथबद्दलच बोलतात. भिंतीबद्दल कुणी बोलत नाही, कारण भिंत आपली असते.

मी सोसायटीच्या समितीला पत्र दिलं: मागच्या भिंतीत १.२ मीटर रुंदीचं पायी जाण्याचं दार हवं. उत्तरं अपेक्षेप्रमाणे आली. चोर येतील. फेरीवाले येतील. बाहेरचे लोक आपल्या बागेत बसतील. पलीकडचे त्यांच्या गाड्या इथे लावतील. एकानं मनापासून विचारलं, "मोठ्या वसाहती सगळीकडे अशाच असतात ना?" मी त्यांना चंडीगडचं उदाहरण दिलं. तिथला सेक्टर ८०० मीटर बाय १२०० मीटरचा असतो, आमच्या सोसायटीच्या कितीतरी पट. पण त्याच्या मधून हिरवा पट्टा जातो आणि त्यात पायवाट असते. मोठा तुकडा असणं ही अडचण नाही. तो आतून बंद असणं ही अडचण आहे. त्यांनी ऐकून घेतलं, पण पटलं असं दिसलं नाही.

पटवलं ते दुसऱ्याच हिशेबानं. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींची तीन घरं आमच्या सोसायटीत आहेत आणि दोन भिंतीपलीकडच्या सोसायटीत. सकाळी इकडे, मग तिकडे, दुपारी परत इकडे, संध्याकाळी पुन्हा तिकडे, आणि तिथूनच बस. त्या दोन्ही सोसायट्यांमधून दिवसाला तीन वेळा त्या वळशानं जात होत्या, एकदा बसच्या वेळेची घाई असताना पाऊस आणि अंधार. तेराशे पन्नास मीटर म्हणजे त्यांच्या चालीनं अठरा मिनिटं. तीन वेळा मिळून चोपन्न मिनिटं. रोज. बिनपगारी. मी हे बाबांबद्दल विचार करता करता मोजत बसले होते आणि माझ्याच स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईला तोवर एकदाही विचारलं नव्हतं. याचं मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं. वार्षिक सभेत मावशी बोलू शकत नव्हत्या, त्या सभासद नाहीत. मग मी त्यांच्या दिवसाचं वेळापत्रक त्यांना विचारून लिहून काढलं आणि सभेत वाचून दाखवलं, त्यांचं नाव न घेता. वाचून झाल्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडच्या ताईंचं पण असंच आहे." आणखी दोघी बोलल्या.

ठराव त्या दिवशी झाला नाही. पलीकडच्या सोसायटीची सभा, त्यांचा ठराव, मग दोघांचा एकत्र, मग कुणाच्या बाजूच्या भिंतीचं प्लॅस्टर कोण करणार, यात चौदा महिने गेले. दार सकाळी सहा ते रात्री दहा उघडं राहील असं ठरलं. दुचाकी शिरू नये म्हणून मध्ये खांब हवा, पण चाकाच्या खुर्चीला ९० सेंटिमीटर मोकळं लागतं; म्हणून खांब मधोमध न घेता एका बाजूला सरकवला. त्यावर समितीत तीन बैठका झाल्या. आमची जमीन त्यांच्यापेक्षा साठ सेंटिमीटर उंच. पायऱ्या केल्या असत्या तर चार पायऱ्यांत काम झालं असतं आणि सगळेजण पायऱ्याच म्हणत होते. मी बाराला एक उतार धरून ७.२ मीटरचा रॅम्प काढला. जागा त्यांच्या बागेतली घ्यावी लागली, त्यांनी दिली. यासाठी मी त्यांची ऋणी आहे. खर्च निम्मा निम्मा.

दार बसलं त्या सकाळी मी ऑफिसला उशिरा गेले. रक्षकाला वही दिली होती, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवायला. तिसऱ्या दिवशी त्यानं ती परत केली. म्हणाला, "ताई, लिहू किती?" शाळेच्या बसला जाणारी मुलं, दूधवाला, कामाच्या बायका, पलीकडचे दोन आजोबा जे इकडच्या एका आजोबांचे जुने सहकारी निघाले. बागेतला आमचा बाक पूर्वी रिकामा असायचा, कारण तो वाटेवर नव्हता. आता वाट त्याच्यावरून जाते आणि संध्याकाळी त्यावर जागा मिळत नाही. चोरी आजवर झालेली नाही. आणि दाराजवळ सतत कुणी ना कुणी असतं.

बाबा पहिल्या दिवशी एकटेच गेले. परत आले, चपला काढल्या.

"दोनशे दहा."

मी मनात गुणाकार केला. १४७ मीटर, सरळ रेघेपेक्षा जास्तीचे सात मीटर रॅम्पचे.

मावशी आता पलीकडे जायच्या आधी बसून चहा घेतात. आधी त्या ओट्याशी उभ्यानं घ्यायच्या.

बाबांनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर आमच्या भागाची बीट काढायला घेतली आहे. कुठल्या सोसायटीला दुसरं दार आहे पण कुलूप लावलेलं, कुठे ओढ्याच्या कडेनं वाट आहे पण तारेचं कुंपण, कुठला रक्षक विचारलं तर जाऊ देतो. रसवंतीवाल्या आजोबांनी त्यात पूर्वीची पाणंद, म्हणजे शेतांमधली वाट, दाखवली. ती शाळेच्या मागून जाते आणि आज आमच्या पूर्वेच्या भिंतीपाशी संपते. त्या भिंतीपलीकडची शाळा आमच्या इमारतीतली एकवीस मुलं रिक्षानं गाठतात.

तिथलं ड्रॉइंग मी परवा सुरू केलं. पातळीत १.१ मीटरचा फरक आहे, म्हणजे रॅम्प १३.२ मीटर आणि मध्ये एक सपाट टप्पा. सरळ बसत नाही. जांभळीच्या झाडाला वळसा घालून दोन टप्प्यांत न्यावा लागेल. झाडाभोवती पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीचा कट्टा काढला आहे, बसायच्या उंचीचा.